जावा, डॉट नेट आन् माझी प्रवेश परीक्षा

...आन् वर हा समोरचा क्लासवाला चन्नबसप्पा मला विचारतो, "मोहियोद्दीनसर, तुमच्याकडं अजून वहीतच हजेरी घेऊन राहिले का ओ?" अजून! ऐकलं का तुम्ही? 'वहीत घेता का' न्हाई, 'अजून वहीतच'! आन् विचारायचं तर कुठं विचारावं माणसानं? लग्नाच्या पंगतीत! भर चारशे माणसांत! माझ्या हातात जिलबीचा तुकडा, धड तोंडात न्हाई, धड ताटात न्हाई, आन् तेवढ्यात माझ्या उजव्या हाताला बसलेला एक पालक, बिलोलीचा, त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. टिंग! त्यानं चष्मा चढवला, मोठ्यानं वाचलं, "आपला पाल्य हारिस आज दुपारच्या तासाला गैरहजर आहे." मान वर करून बघतो तर हारिस समोरच्याच पंगतीत बसून शिरा खाऊन राहिला! बापाला सांगून आलेला, क्लासला चाललो म्हणून! बाप उठला, हारिस पळाला, पंगत हसली, आन् मग काय झालं सांगू? सगळी पंगत चन्नबसप्पाकडं बघायला लागली. पुढारी आल्यावर बघतात ना, तसं! आन् चन्नबसप्पा काय करतोय? मान खाली घालून भात कालवतोय. "आपलं काई न्हाई ओ... साधंच सॉफ्टवेअर हाय... पालकांची सोय म्हणून..." साधंच म्हणे!

मी जळत न्हाई, बरं का. आधीच सांगून ठेवतो. जळणारी माणसं वेगळी असतात, त्यांची भूक मरती, झोप उडती. त्या दिवशी माझी भूक मरली ती जिलबीमुळं. लई गोड होती.

तुम्हाला ठाऊक नसंल म्हणून सांगतो, मी मोहियोद्दीनसर, केमिस्ट्री, अकरावी-बारावी. लातूरमध्ये आमच्या क्लासवाल्यांची अख्खी गल्ली हाय, जिथं बघावं तिथं फ्लेक्स, फ्लेक्सवर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. एका फ्लेक्सवर एवढी पोरं असतात की ज्याचं पोरगं हाय त्यालाच ते सापडतं. त्या गल्लीत माझा क्लास, आन् बरोब्बर समोर चन्नबसप्पा. मूळचा निलंग्याकडचा, गणितवाला. आता गणितवाला तरी कसं म्हणावं? केमिस्ट्रीला बी माणूस ठेवलाय त्यानं! पाच मजले, काचा, लिफ्ट! अहो, गणित शिकायला लिफ्ट कशाला लागती? माझ्याकडं काय हाय विचारा. माझ्याकडं वर पत्रा हाय.

पण त्या पत्र्याचं सांगतो. त्या पत्र्याखाली आम्ही दोघं संगंच सुरू झालो, मी आन् हाच चन्नबसप्पा. त्र्याण्णवचा भूकंप झाला, किल्लारीकडं गावंच्या गावं गेली... ते काय हसत सांगायचं न्हाई, ते राहू द्या. पण त्याच्यानंतर इकडं माणसं स्लॅबखाली जायला भ्यायची. लेकरू वर्गात बसलं की माय बाहेर झाडाखाली बसायची, डोळे त्या छताकडं लावून. आम्ही दोघं तवा पंचविशीतले, दोघांत एक फळा, एक डस्टर, एक सायकल. आम्ही पत्र्याचं शेड टाकलं आन् बाहेर पाटी लावली, 'वर पत्रा आहे'. बस! न फोटो, न मार्क, एवढीच जाहिरात! रांग लागली हो! मग क्लास वाढला, नवी पाटी करायची ठरली, पेंटर आला, त्यानं मापं घेतली आन् म्हणला, "सर, मोहियोद्दीन-चन्नबसप्पा क्लासेस एवढं काय मावत न्हाई. एकाचं नाव बारीक करावं लागंल." कुणाचं करायचं? खोटं वाटंल तुम्हाला, पण ह्याच्यावरून आम्ही वेगळे झालो. त्यानं पोरं नेली, मी पत्रा ठेवला. आन् आज त्याच पत्र्यावर मी उन्हाळ्यात पाणी मारतो, तवा समोरच्या काचेतून गार हवेत बसलेली पोरं बघून राहिलेली असतात. मी जळत न्हाई. ऊन लागतं, दुसरं काय.

तर त्या लग्नानंतर काय व्हायला लागलं, जो पालक येईल तो एकच विचारतो. आधी विचारायचे, सर, निकाल किती? आता विचारतात, "सर, तुमच्याकडं लॉगिन हाय का?" एक जण माहूरहून आला, देवीचं दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन आला, माझ्या हातावर प्रसाद ठेवला आन् विचारलं, "लॉगिन?" मी म्हणलं, न्हाई. तो म्हणला, "बरं, येतो," आन् समोर गेला. प्रसाद तरी परत न्यायचा! अशी सात पोरं गेली माझी एका महिन्यात, सात! मग मी बी ठरवलं. ज्याला धंद्याचं वेब ॲप्लिकेशन म्हणतात ते आपल्याला बी पाहिजे. पालकानं मुखेडमध्ये बसावं, बटन दाबावं, पोराची हजेरी दिसावी, टेस्टमधला नंबर दिसावा. न्हाई केलं तर जूनमध्ये पत्र्याखाली मी आन् फळा, दोघंच.

माझा मेव्हणा सद्दाम, त्याचं इंटरनेट कॅफे हाय. त्याला बोलवलं. तो म्हणतो, "भाईजान, पहिल्यांदा प्लॅटफॉर्म ठरवा. जावा का डॉट नेट का पीएचपी. ते पायासारखं असतं. एकदा पाया घातला की मग बदलायला लई अवघड जातं." आता लातूरच्या माणसाला पाया म्हणलं की तो ताठ बसतो. मी म्हणलं, कोणता पाया चांगला? "ते ज्याच्या-त्याच्या कामावर हाय." हे काय उत्तर झालं? परीक्षेत लिहील का कुणी असं? पुण्याच्या एकाला फोन लावला, तो म्हणतो, "सर, तुम्हाला उद्या लाखभर विद्यार्थी झाले तर? तर जावाच हवं." माझ्याकडं तवा एकशे चाळीस होते, पण तो लाख म्हणला तसं मला त्याचं बोलणं आवडलं. दुसरा म्हणतो डॉट नेट. तिसरा म्हणतो पीएचपी, फुकट हाय. फुकट म्हणलं की मला शंका आली. जो तो आपलंच घोडं पुढं! मग कसं ठरवायचं? सांगा ना! तुम्ही कसं ठरवलं असतं?

मी लातूरकर हो. आम्ही एकाच पद्धतीनं ठरवतो. मी प्रवेश परीक्षा घेतली.

हसू नका! पेपरात जाहिरात दिली. 'वेब प्लॅटफॉर्म निवड चाचणी, पन्नास प्रश्न, दोनशे गुण, बरोबरला चार, चुकीला उणे एक.' हॉल तिकीट काढलं, त्याच्यावर फोटो, फोटोवर अर्धा शिक्का. प्रश्नपत्रिका मी स्वतः काढली. मला त्यातलं काय कळतं? काई न्हाई! पण वीस वर्षं पेपर काढतोय, पेपर काढायला विषय यायलाच पाहिजे असं कुठं हाय? गंजगोलाईच्या बाजारातून तीन जुनी गाईडं आणली, त्याच्यातले प्रश्न, त्याच्यातलीच उत्तरं, चार-चार पर्याय, झालं! अकरा जण आले. पुण्याचे सूट घालून आले होते, त्यांना बी बूट बाहेर काढायला लावले. एका बाकावर एक जावा, एक पीएचपी, मध्ये डॉट नेट, म्हणजे कॉपी नको. पुण्यावाल्यानं पाणी मागितलं, म्हणलं, घंटा झाल्यावर.

त्यात एक पोरगी होती, महामाया. नांदेडची, खांद्याला शबनम, पीएचपीवाली. पेपर हातात पडला तसा तिनं हात वर केला. "सर, तुमच्याकडं हजेरी कोण घेतं? त्यांच्याशी आधी थोडं बोलता येईल का?" मी म्हणलं, "इथं प्रश्न विचारायचे न्हाईत, सोडवायचे!" हा माझा नियम हाय. वीस वर्षांचा! माझ्या वर्गात पोरांनी मध्ये हात वर केलेला मला चालत न्हाई, लिंक तुटती. ती म्हणली, "बरं सर." तिनं सहा प्रश्न सोडवले आन् उरलेला वेळ दाराकडं बघत बसली. दारात आमच्या भामाबाई उभ्या होत्या. हजेरी त्याच घेतात. आता तुम्हाला सांगतो, भामाबाई नावं पुकारत न्हाईत. पोरं पत्र्याबाहेर चपला काढतात ना, त्या चपला बघून त्या हजेरी मांडतात. कुणाचा अंगठा तुटलाय, कुणी नवी घेतली, कुणाची चप्पल हाय पण पोरगं मागच्या भिंतीवरून पळालंय, सगळं त्यांना ठाऊक. घंटा झाल्यावर बघतो तर ही पोरगी पायरीवर भामाबाईशेजारी बसलेली. अर्धा तास! भामाबाई चपला दाखवतायत, ही वहीत लिहून घेतीय. मी म्हणलं, नापास होणारी पोरं अशीच बसतात गप्पा मारत.

मेरिट लिस्ट लावली. बोर्डवर! पहिला, नरसिंग, डॉट नेट, दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी! आन् नरसिंग कोण? माझाच विद्यार्थी! दोन हजार दोनची बॅच, पहिला बाक! माझा ऊर असा भरून आला... पेढे वाटले, फ्लेक्स लावला, नरसिंगचा फोटो, खाली 'आमचे सॉफ्टवेअर प्रवेश परीक्षेत प्रथम'. फ्लेक्स असा बांधला की चन्नबसप्पाच्या लिफ्टमधून प्रत्येक मजल्यावरून दिसावा. आन् शेवटची कोण? महामाया. सहापैकी सहा चूक. उणे सहा. तिचं नाव बी लावलं, सगळ्यात खाली. नियम म्हणजे नियम.

तीन महिने नरसिंग खपला. शेडच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर, पंखा त्याच्याकडं वळवलेला, घरून डबा... माझी बायको हसीना रोज त्याला विचारायची, "झालं का रे बाळा?" बाळा म्हणायचा, "मॅडम, नव्वद टक्के." जूनमध्ये उघडलं. नारळ फोडला, पहिलं लॉगिन माहूरच्या एका पालकाला दिलं, आन् सगळे फोनजवळ बसलो. फोन वाजला. "सर, हे काय विचारून राहिलंय?" मी म्हणलं, वाचा. तो वाचतो, "आपला पाल्य आज वर्गात... अ, हजर होता. ब, गैरहजर होता. क, दोन्ही. ड, यापैकी नाही."

मी म्हणलं, आँ?

"सर, मी क दाबलं. आता ते म्हणतंय उत्तर चूक, आपले गुण उणे एक. सर, पोरगं ठीक हाय ना? मी निघू का माहूरहून?"

अहो, सगळंच तसं! सगळं ॲप्लिकेशन पर्यायी! टेस्टमध्ये आपल्या पाल्याचा क्रमांक किती, चार पर्याय! सुट्टी कधी, चार पर्याय! पासवर्ड विसरलात तर चार पासवर्ड दाखवायचं, म्हणे योग्य तो निवडा! आन् प्रत्येक चुकीला पालकाचा एक मार्क कट! आठ दिवसांत मुखेडचा एक बाप उणे चाळीसवर गेला. दुसरा तर थेट क्लासवर आला, हळूच म्हणला, "सर, ह्याच्या नोट्स मिळतील का? रिपीट करावं म्हणतो." डॉट नेटचा ह्याच्यात काई दोष न्हाई, बिचारं दुसरीकडं मोठमोठ्या ऑफिसात चाललंय. मी नरसिंगला बोलवलं. लई ओरडायचं ठरवलं होतं. तो समोर उभा राहिला आन् म्हणला, "सर, पर्याय दिले की मला उत्तर येतं. कोरा कागद बघितला की घाम फुटतो. मला दुसरं काई शिकवलंच न्हाई कुणी." कुणी म्हणजे कोण, हे त्यानं सांगितलं न्हाई. मी बी विचारलं न्हाई. त्याला म्हणलं, जा, जेवून घे.

आन् समोर? समोर टिंग, टिंग, टिंग! सबंध गल्लीत खिशाखिशांत वाजून राहिलंय. मी जळत न्हाई, पण एवढं वाजायला काय पाहिजे? हळू वाजत न्हाई का ते? मला एकदा बघायचं होतं, नुसतं बघायचं, की त्याच्या आत हाय तरी काय. सद्दामला म्हणलं, उघड. तो म्हणला, "भाईजान, लॉगिन लागतं. लॉगिन फक्त पालकाला देतात." पालकाला! आता मी चन्नबसप्पाच्या क्लासचा पालक कसा होणार?

तसा... झालो.

माझी लेक, जिक्रा. अकरावीला गेलेली. माझ्याच क्लासला, पहिल्या बाकावर. शांत, आजपर्यंत एक शब्द मध्ये बोलली न्हाई. बारावीच्या निकालाच्या फ्लेक्सवर पहिला फोटो तिचा, हे मी ती आठवीत होती तवाच ठरवलेलं. हसीनाला सांगितलं तर ती पोळपाट सोडून उठली. "एका पासवर्डसाठी लेकरू तिकडं टाकायलाव? लोक काय म्हणतील? सरांची पोरगी सरांकडं न्हाई!" मी म्हणलं, पंधरा दिवसांचा प्रश्न हाय. जिक्राला विचारलं, "बेटा, पंधरा दिवस समोर जाशील?" ती म्हणली, "हाव अब्बा." लगेच! मी 'जाशील' म्हणून पुरतं तोंड मिटलं नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला दप्तर खांद्यावर! मला वाटलं, किती आज्ञाधारक लेकरू हाय.

गेलो ॲडमिशनला. वाटलं, काउंटरवर कुणी पोरगी असंल, फॉर्म भरू, पटकन निघू. तर स्वतः चन्नबसप्पा आला. मला बघितलं, फॉर्म बघितला, फॉर्मवरचं नाव परत वाचलं. मग म्हणला, "मोहियोद्दीनसर... तुमची लेक माझ्याकडं? यप्पा! ह्याच्यापेक्षा मोठा मान न्हाई ओ माझा." डोळ्यांत पाणी! खरं पाणी! आता ह्या माणसासमोर मी हेर म्हणून आलोय, काय करू सांगा! अशा माणसावर धड जळता बी येत न्हाई. म्हणजे मी जळत न्हाईच, पण जळायचं म्हणलं तरी.

पासवर्ड घेऊन पळत सद्दामच्या कॅफेत आलो. उघडलं. साधंच पान हो! पांढरं, त्याच्यावर चार ओळी. हजर का गैरहजर, टेस्टचा नंबर, उद्याचा तास, आन् एक 'डाऊट' म्हणून खाना, पोरांनी प्रश्न टाकायचे, सरांनी उत्तर द्यायचं. बस! मी खाली गेलो, अजून खाली गेलो, म्हणलं, भारी काईतरी खाली असंल. अगदी तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं... 'निर्मिती: महामाया, नांदेड'.

उणे सहा!

माझ्या पत्र्याखाली बसून गेलेली पोरगी! तिनं हे आधीच बनवलेलं होतं, चालू होतं, त्या लग्नात जे वाजलं ते तिचंच, आन् ती माझ्या पायरीवर बसून चपला मोजून गेली! मी तसाच उठलो आन् समोर गेलो. चन्नबसप्पाला म्हणलं, एकच सांगा, तुम्ही प्लॅटफॉर्म कसा ठरवला? तो म्हणतो, "मी कुठं ठरवला ओ? मला काय कळतंय त्यातलं! पोरीला म्हणलं, बिघडलं तर तुला एकटीला घंट्याभरात नीट करता यावं, असं जे असंल ते घे. तिला पीएचपी येत होतं, तिनं ते घेतलं. आन् ती आठ दिवस आमच्या हजेरीवाल्या सिंधुबाईशेजारी बसली, नुसती बघत. मला बी आधी वाटलं, काम का करंना ही!" झालं. एवढंच! न जाहिरात, न हॉल तिकीट! मग मी महामायालाच फोन लावला. म्हणलं, "कामून सांगितलं न्हाईस, की समोरचं तूच केलंय?" ती म्हणली, "सर, परीक्षेत बोलायचं न्हाई म्हणला होतात." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आन् सर, ते सहा प्रश्न बरोबर होते. तुमचं गाईड जुनं होतं." मी परत पहिल्या कानाला. "आन् सर, ती लिस्ट अजून बोर्डवर हाय म्हणतात, तेवढी काढता का?"

काढली हो. त्याच दिवशी.

पंधरा दिवस झाले. जिक्राला म्हणलं, "चला बेटा, परत." ती म्हणली, "हा धडा संपू द्या अब्बा." धडा संपला तर टेस्ट आली, टेस्ट झाली तर नवा धडा. मी म्हणलं, असू द्या, आपण बघून तर राहिलोय लॉगिनवर. एक दिवस दुपारी कॅफेत बसून सहज तो डाऊटचा खाना उघडला. जिक्रा मोहियोद्दीन, एकूण प्रश्न एकेचाळीस. एकेचाळीस! माझ्या पोरीचे! जी माझ्यासमोर मीठ वाढा म्हणून बी विचारत न्हाई! आन् कशाचे? केमिस्ट्रीचे! पहिलाच प्रश्न, मोल कन्सेप्ट. अहो, मोल कन्सेप्ट म्हणजे माझा हातखंडा! लोक लांबून येतात माझा मोल कन्सेप्ट ऐकायला! मी तिला घरी नववीपासून शिकवतोय! आन् तिनं लिहिलं होतं, "सर, हे मला पहिल्यापासून कळलेलं नाही. घरी विचारायची भीती वाटते. इथं विचारते."

सद्दाम येऊन म्हणला, "भाईजान, नेट अडकलं का? मघापासून एकच पान हाय." मी म्हणलं, हाव, अडकलंय.

आन् खाली त्यांच्या सरांचं उत्तर. बरोबर होतं, खोटं कशाला बोलू, पण कोरडं! मला एक उदाहरण ठाऊक होतं, तुरीच्या डाळीचं, आमच्याकडच्या पोराला एका मिनिटात कळंल असं. दाणे मोजत बसता का? न्हाई, पायलीनं मापता. मोल म्हणजे ती पायली! एवढंच तिला सांगायचं होतं. मी बोट नेलं, उत्तर लिहायची जागा शोधली, तर पाटी आली, 'पालकांना फक्त वाचता येईल.' म्हणजे ज्या माणसाला चन्नबसप्पानं पगारावर ठेवलाय तो माझ्या पोरीला केमिस्ट्री सांगणार, आन् मी बघणार! इथं मात्र... आता तुमच्यापासून काय लपवू? इथं मी जळलो. त्या पाच मजल्यांवर न्हाई, लिफ्टवर न्हाई. ती त्याला विचारते, ह्याच्यावर जळलो.

मग काय करणार? तिचे प्रश्न चिठ्ठीवर उतरवून आणायला लागलो आन् माझ्या क्लासमध्ये शिकवायला लागलो. डाळीची पिशवी घेऊन, पायली घेऊन! पोरं म्हणायची, "सर, हे तर आम्ही विचारलंच न्हाई!" मी म्हणलं, "मग विचारा की! आजपासून विचारा! कुणालाबी, काय बी!" एक हात वर आला न्हाई. वीस वर्षांचा धाक हाय, एका दिवसात थोडाच जातो? एक कहकशां तेवढी बोलली, ती जिक्राची मैत्रीण. "सर, पायलीचं परत एकदा सांगता का? लिहून घ्यायचंय, दोन जागी." दोन जागी कामून, ते माझ्या डोक्यात शिरलं न्हाई. परत सांगितलं. तीनदा सांगितलं.

वर्ष असंच गेलं. परवा जेवताना जिक्रा म्हणली, "अब्बा, कहकशां सांगत होती, आजकाल लई भारी शिकवायलाव." मी घास खाली ठेवला. म्हणलं, "मग ये ना परत. बारावी इथं कर. इथं विचार मला, समोर बसून विचार, मी काई ओरडणार न्हाई." हसीना बी भाकरी थापायची थांबली. जिक्रानं भाकरीचा तुकडा मोडला आन् ताटाकडं बघत म्हणली, "समोर भ्या वाटतं अब्बा, अजून. तिकडूनच विचारते ना. तुम्हाला पोचतंच की."

पोचतंच की! म्हणजे तिला ठाऊक होतं! पहिल्यापासून! आन् कहकशांची ती दुसरी जागा म्हणजे जिक्राची वही!

मग काल गेलो समोर आन् तिच्या बारावीची ॲडमिशन पक्की करून आलो. चन्नबसप्पानं स्वतः चहा मागवला, चहा पिऊन उठलो, तर लिफ्टपर्यंत सोडायला आला आन् विचारतो, "मोहियोद्दीनसर, ते तुमच्या सॉफ्टवेअरचं काय झालं ओ? कोणत्या प्लॅटफॉर्मवर चालवून राहिले आता?"

म्हणलं, "तुमच्याच."